म्यूल डिअरसाठी गोळी कुठली घ्यायची, सच्याला पत्र

प्रिय सच्या,

कोलोरॅडोचा म्यूल डिअरचा (इकडचं मोठ्या कानांचं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, ड्रॉमध्ये लागला हे वाचून जाम आनंद झाला! पण पत्रात खाली विचारलंयस ना, की टार्गेटला वापरतोस तीच १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) मॅच गोळी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची, आणू का, ग्रुप घट्ट येतो, गोळ्या जवळजवळ बसतात म्हणून, तर नको रे, प्लीज नको. मॅच गोळी कागदाला भोक पाडायला बनवलेली, हरणाच्या अंगात शिरल्यावर ती कशी वागेल याचा भरवसा नाही, कधी बरगडीवरच चुरा होते तर कधी न फुलता, म्हणजे टोक न पसरता, आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन दरीत उतरतं. शिवाय इथे कोलोरॅडोत डिअरला फुलणारीच गोळी लागते, किमान ७० ग्रेनची, असा राज्याचा नियमच आहे.

टेक्सासात तू फीडरपाशी (हरणांना दाणे टाकणारं यंत्र) १०० यार्डांवर मारतोस, तिथे बरंच काही खपतं. इथे उघडे डोंगर, ३००-४०० यार्ड सहज होतात. लोक बॉक्सवरचा बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) बघून भुलतात, तू आधी बघ की हरणापर्यंत पोचताना गोळीचा वेग किती उरलाय. तुझ्या ६.५ क्रीडमूर रायफलमधून हॉर्नडी कंपनीची १४३ ग्रेन ईएलडी-एक्स ही शिकारीची गोळी साधारण २७०० फूट पर सेकंदने निघते, ४०० यार्डांवर २१५० च्या आसपास उरतो, म्हणजे फुलायला भरपूर. तिची अडचण उलटी आहे, हरीण ७०-८० यार्डांवर उठलं आणि खांद्याच्या हाडावर बसली तर फार लवकर फुटते, मांस नासतं. म्हणून शिशाच्या गोळ्यांत मला नोस्लर कंपनीची अ‍ॅक्युबाँड जास्त आवडते, आतलं शिसं कवचाला घट्ट जोडलेलं असतं त्यामुळे जवळही टिकते आणि लांबही फुलते. (कंपनीचा संस्थापक जॉन नोस्लर १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या, म्हणजे तिथल्या प्रचंड हरणाच्या, मागे होता, चिखलाने माखलेल्या मूसवर गोळ्या आत जाईनात, म्हणून त्याने मधे भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली आणि १९४८ मध्ये कंपनीच काढली. कमाल माणूस!)

मी स्वतः मात्र अख्खी तांब्याची वापरतो. घरी पोरं ते मटण खातात आणि शिशाचे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, इतके बारीक की दाताखालीही कळत नाहीत. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, तिला ट्विस्ट (नळीच्या आतल्या खाचांचा पीळ) फास्ट लागतो. तुझ्या नळीला १:८, म्हणजे ८ इंचांत एक वेढा, असेल तर चिंता नाही. फक्त तांब्याला फुलायला वेग जास्त लागतो, म्हणून त्यात मी लांबचा शॉट घेतच नाही.

आणि ५०० यार्डांचं डोक्यातून काढ. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिथे ही गोळी साधारण १५ इंच सरकवतो, आणि काळीज-फुफ्फुसाची जागा जेमतेम ८-१० इंचांची. शिवाय गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकतं. त्याला कुठलीच गोळी उपाय नाही, चारशेच्या आतच थांब.

अ‍ॅक्युबाँड आणि ईएलडी-एक्सचा एकेक बॉक्स घे, तुझ्या नळीला जी मानवेल ती ठेव, आणि थंड नळीतली पहिली गोळी कुठे बसते ते लिहून ठेव, कारण हरणावर तीच जाणार. इकडे ८००० फुटांवर हवा विरळ आहे, गोळी डॅलसपेक्षा कमी पडते, म्हणून सीझनच्या दोन दिवस आधी ये, आमच्या रेंजवर आकडे पुन्हा तपासू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या