रक्तदाब मोजण्याआधीची पाच मिनिटे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालमीचा वर्धापनदिन असो, नेत्याचा वाढदिवस असो किंवा गणेशोत्सवातील सामाजिक उपक्रम असो, कोल्हापुरात मंडपाच्या एका कोपऱ्यात मोफत रक्तदाब तपासणीचे टेबल आता हमखास दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील पंधरा वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते, हे लक्षात घेता अशा शिबिरांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु ३४ वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर त्या टेबलापुढची रांग पाहून मला जे खटकते, ते लिहिणे आवश्यक वाटते. अर्धा तास उभा असलेला, नुकताच चहा घेतलेला आणि शेजाऱ्याशी बोलता बोलता पुढे सरकलेला माणूस स्टुलावर टेकतो न टेकतो, तोच त्याच्या दंडाला पट्टा आवळला जातो आणि अर्ध्या मिनिटात मिळालेला आकडा घेऊन तो घरी जातो. त्या आकड्यात उभे राहण्याचा, चहाचा व गप्पांचा वाटा किती आणि खऱ्या रक्तदाबाचा किती, हे मोजणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मोजण्याचे नियम आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शिकवले जातात. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा. मोजताना दोघांनीही बोलू नये. आणि मिनिटभराच्या अंतराने दुसऱ्यांदा मोजावे. यातला प्रत्येक नियम आकड्यात दिसतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली लोंबत राहिला, तर रक्तदाबाच्या आकड्यात सात-आठ मिलिमीटर (रक्तदाब पाऱ्याच्या उंचीच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) उगाच वाढतात. मोजताना “काय मावशी, गोळ्या घेता का वेळेवर?” असे प्रेमाने विचारणारी सिस्टरही नकळत आकडा वर ढकलत असते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पट्ट्याचे माप, आणि कुस्तीच्या या गावात तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिलेच पाहिजे. पट्ट्यातील रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के व रुंदी ४० टक्के असावी लागते. पट्टा लहान पडला की आकडा खोटा वर जातो. मी नोकरीत नवी असताना एका तालमीतील तरुण पैलवान तपासणीसाठी आला होता. नेहमीचा पट्टा त्याच्या दंडाभोवती कसाबसा पुरला आणि मी १६४/१०२ लिहिले. पुढच्या खेपेलाही त्याच पट्ट्याने जवळपास तेच आले, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी तो परत आला तो आखाड्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ही तक्रार घेऊन. इनचार्ज सिस्टरांनी शिंप्याची फीत मागवून त्याचा दंड मोजला. घेर ४१ सेंटिमीटर भरला. कपाटात पडून असलेला मोठ्या मापाचा पट्टा काढून त्यांनी मोजले, तेव्हा रक्तदाब गोळी लागण्याइतका कधी नव्हताच, हे स्पष्ट झाले. गोळी बंद केल्यावरही तो ठीकच राहिला. डॉक्टरांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला होता, चूक माझी होती. काटकुळ्या आजीच्या हाताला मोठा पट्टा गुंडाळला की नेमके उलटे घडते आणि वाढलेला रक्तदाब नोंदीतून निसटतो.

दुसरी खोड शून्याची, म्हणजे प्रत्येक आकडा शून्यावर संपवून लिहिण्याची. कोणत्याही ओपीडीचे जुने रजिस्टर चाळावे, १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशी रांगोळी दिसेल. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात आणि हवा सावकाश, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने सोडली, तर १३६ आणि १४२ हे दोन्ही आकडे कानाला स्वच्छ कळतात. पाऱ्याची यंत्रे प्रदूषणाच्या कारणाने हळूहळू हद्दपार होत आहेत, ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या जागी आलेल्या काट्याच्या यंत्राची स्प्रिंग कालांतराने ढळते व त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते. डिजिटल यंत्र मोजणाऱ्याच्या शून्याच्या सवयीतून सोडवते, पण नाडी अनियमित असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहण्याची जुनी सवय सोडू नये.

आकडा मोठा आला की नातेवाईकांची घाई सुरू होते, “सिस्टर, आधी खाली आणा!” माझ्या सुरुवातीच्या काळात निफेडिपिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाची कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याची पद्धत होती आणि आकडा झटक्यात उतरलेला पाहून सर्वांना हायसे वाटे. अशा एकाएकी घसरणीने मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा कमी होऊन काही रुग्णांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्याचे दिसल्यावर ती पद्धत सोडून देण्यात आली. आज १८०/१२० च्या वर आकडा दिसला, तर परिचारिकेने रुग्णाला शांत बसवून पुन्हा मोजावे आणि छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, दृष्टी धूसर होणे यांपैकी काही आहे का ते विचारावे. यातले एक जरी असेल तर क्षणाचाही विलंब नको. काहीच नसेल, तर लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवून तोंडाने घ्यायच्या औषधांनी तो सावकाश उतरवायचा असतो. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. तिच्या बाबतीत १४०/९० लाच सावध व्हावे, आणि सोबत डोकेदुखी किंवा बरगड्यांखाली दुखणे असेल तर वाट पाहत बसू नये.

आहाराबद्दल थोडेच. आपल्याकडे बीपीचे खापर तांबड्या रश्श्यावर फुटते, पण तिखटापेक्षा मीठ पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आणि ते लोणचे, पापड, खर्डा व मिसळीवरच्या फरसाणातून केव्हाच पोटात गेलेले असते.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांना आणि गर्दीच्या ओपीडी चालवणाऱ्या व्यवस्थापनांना विनंती आहे. “एका सिस्टरकडे शंभर रुग्ण, पाच मिनिटे आणायची कुठून?” हा प्रश्न मी स्वतः अनेकदा विचारला आहे. परंतु ती पाच मिनिटे सिस्टरच्या वेळेतून जात नाहीत. रुग्ण थांबलेलाच असतो, फक्त उभा असतो. टेबलाच्या अलीकडे पाठ असलेल्या दहा खुर्च्या मांडाव्यात, चहाचे वाटप तपासणीनंतर ठेवावे, कागदावर दोन्ही वेळचे आकडे व कोणता हात तेही लिहावे, आणि एकदा १४०/९० आले म्हणून कोणाला रुग्ण ठरवू नये, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगावे. घरी मोजणाऱ्यांनी १३५/८५ ही मर्यादा धरावी. टेबलावर दोन मापांचे पट्टे असावेत आणि शेजारी शिंप्याची फीत असावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर