जुळ्यांच्या आईचं 'ड' जीवनसत्त्व

महोदय,

माझ्या भाचसुनेला सातवा महिना लागलाय, पोटात जुळी आहेत. रामबागेत जो तो तिला डोहाळ्यांचं विचारतो, 'ड' जीवनसत्त्वाचं नाव कुणी काढत नाही. जन्मापूर्वी बाळाला ते आईच्या रक्तातूनच मिळतं. तिच्याच रक्तात ते दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे कमी असेल, तर बाळाला काय मिळणार? इथे तर वाटेकरी दोन, आणि जुळी बरेचदा दिवस भरण्याआधीच येतात, म्हणजे साठवायला वेळही कमी.

कॅल्शियमच्या सरकारी गोळीत २५० युनिट 'ड' असतं, पण ती दिवसातून दोनदा न चुकता घ्यायला हवी. भाचसुनेच्या उशाशी अर्धं पाकीट तसंच पडलेलं पाहिलं, फार वाईट वाटलं. इंदूरला ऊन भरपूर, मात्र काचेआडून घेतलेलं कामाचं नाही.

अंगावरच्या दुधात 'ड' फार थोडं असतं. डिंकाचे लाडू जरूर करा, पण त्यांनी ते भरून निघत नाही. म्हणून वर्षभर दोन्ही बाळांना रोज ४०० युनिटचे थेंब, वेगवेगळे मोजून, द्यायला हवेत. कंपनीगणिक थेंबांचं प्रमाण बदलतं. प्रसूतिगृहांनी घरी सोडताना ड्रॉपर भरून दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रामबाग, इंदूर