एकूण बँडवर जाऊ नका

महोदय,
कॅनडात कायम वास्तव्यासाठीच्या 'फेडरल स्किल्ड वर्कर' (कुशल कामगार) योजनेत बरेच अर्ज भाषेपाशीच अडतात. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, तर ती 'जनरल ट्रेनिंग' प्रकारचीच लागते. 'अ‍ॅकॅडेमिक'चा निकाल चालत नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही भागांत किमान 6 बँड (या परीक्षेतले गुण) हवेत. ऐकण्यात 8.5, वाचनात 8, बोलण्यात 7.5 आणि लेखनात 5.5 मिळाले तर एकूण बँड 7.5 दिसतो, पण उमेदवार अपात्रच! लेखनाने घात केलेला असतो. सीएलबी 9 (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची वरची पातळी) साठी ऐकण्यात 8, इतर तिन्हींत 7 लागतात; ऐकण्यात 7.5 आले की निवडीच्या क्रमवारीतले गुण घटतात. निकाल दोनच वर्षे ग्राह्य. सुरुवातीची ऑनलाइन प्रोफाइल भरताना वैध असलेला निकाल, कॅनडाकडून अर्जाचे निमंत्रण आल्यानंतर अंतिम अर्जाच्या दिवशीही वैध हवा, हे अनेकजण विसरतात.

— एक वाचक