लॉबी बघून भुलू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

वेस्ट एंड ॲव्हेन्यूवरच्या फ्लॅटचे फोटो पाहिले. उंच छत, जुनी लाकडी जमीन, दाराशी डोअरमन. मन बसण्यासारखंच आहे. आम्ही अशाच इमारतीत टिकून आहोत ते काही उगाच नाही. भिंती इतक्या जाड की शेजारी पियानो वाजवतात हे आम्हाला त्यांच्याच तोंडून कळलं. बाबा आजारी होते तेव्हा औषधं वर आणून देणारा डोअरमनच होता. आणि लिफ्टमध्ये अख्ख्या इमारतीची खबरबात मिळते, कधीकधी नको तितकी.

पण तू 'घर घेतेय' म्हणतेस, तिथे जरा थांब. न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये घर तुझ्या नावावर होत नाही. इमारत कंपनीची, तू तिचे शेअर्स घेणार आणि त्या जोरावर फ्लॅटचा भाडेपट्टा मिळणार. म्हणजे बॉयलर बंद पडला की भुर्दंड सगळ्यांना. तेव्हा लॉबीतला संगमरवर राहू दे, इमारतीची गंगाजळी किती आहे ते आधी बघ. इमारतीवर स्वतःचं कर्जही असतं आणि त्याचा हप्ता मेंटेनन्समधूनच जातो. शेजारच्या काँडोपेक्षा, म्हणजे जिथे फ्लॅट खरंच आपल्या नावावर होतो त्यापेक्षा, किंमत कमी दिसते, त्यात याचाही हात असतो. तुझं कर्ज फिटेल, मेंटेनन्स कधीच फिटत नाही.

जुन्या इमारतीचा खरा खर्च बाहेरच्या भिंतीत असतो. 1979 मध्ये ब्रॉडवेवर एका इमारतीचा तुकडा कोसळून बर्नार्ड कॉलेजची विद्यार्थिनी गेली. तेव्हापासून शहराने कायदा केला, 1998 मध्ये तो आणखी कडक झाला: सहा मजल्यांहून उंच इमारतीचा दर्शनी भाग ठरावीक वर्षांनी तपासायचा. तपासणीत काही निघालं की परांची बांधा, विटा काढा, आणि वरून काही पडू नये म्हणून फुटपाथवर ती हिरवी शेड. आमच्याकडे ते काम चाललं तेव्हा स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे, खिडकी उघडली की ओट्यावर विटांची लाल भुकटी. वर 'असेसमेंट', म्हणजे मेंटेनन्सवर जादा वर्गणी. तक्रार कुणाकडे करणार? इमारतीचा कारभार बघणारं बोर्ड म्हणजे आपलेच शेजारी, फुकट राबणारे, आणि त्यातले एकदोघे भलतेच हट्टी.

आता 2019 चा कार्बनचा कायदाही आहे. 25,000 चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना 2024 पासून कार्बन उत्सर्जनाच्या मर्यादा लागल्या, 2030 पासून त्या आणखी आवळणार. ओलांडल्या तर जादा कार्बनच्या टनामागे 268 डॉलर दंड. वाफेवर चालणाऱ्या जुन्या हीटिंगला ते झेपणं कठीण. आमचा रेडिएटर तुला आठवतच असेल: जानेवारीत पहाटे खडखडायचा आणि मग खोली इतकी तापायची की बर्फ पडत असताना आपण खिडकी उघडून झोपायचो. ही ऊब गमतीची वाटते, पण बिल सगळ्यांचं असतं. बोर्डाने यावर काय योजना केली आहे ते स्पष्ट विचार.

तुझं ते मोठं बाथरूम करायचं स्वप्न आहे ना? खालच्यांच्या बेडरूमवर तुझं बाथरूम येणार असेल तर बहुतेक बोर्डं परवानगी देत नाहीत. काही ठिकाणी तोडफोडीचं काम फक्त उन्हाळ्यातच. भाड्याने द्यायचं म्हटलं तरी बंधनं, आणि विकताना बऱ्याच ठिकाणी 'फ्लिप टॅक्स', म्हणजे विक्रीवर को-ऑपला द्यायची रक्कम. घेण्याआधी बोर्ड तुझी मुलाखत घेणार, आणि नाही म्हटलं तर कारण सांगायला ते बांधील नसतं. तुझ्यासारखी दर दोन वर्षांनी नोकरी आणि शहर बदलणारी असेल तर मला काँडोच बरा वाटतो. बाबांचं मत उलट आहे, त्यांना शेजार हवा.

तरीही घ्यायचाच असेल, तर वकिलाकडून मागच्या दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि बोर्डाच्या मीटिंगची मिनिट्स मागव. मिनिट्समध्ये 'गळती' किती वेळा येते ते मोज. गॅसची लाइन कधी बंद पडली होती का, तेही विचार. एकदा बंद झाली की महिनोन्महिने हॉटप्लेटवर स्वयंपाक. हिशेब आले की लगेच इकडे पाठव, बाबा लाल पेन घेऊन बसलेच आहेत.

तुझी,
आई