एकवीस नंबरची रिकामी खुंटी

बॉस्टन,
सोमवार, 28 जुलै 2025

ती. आप्पा,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘बरंय, बरंय’ म्हणतेस, चार ओळी नीट लिहून पाठव, असं तुम्ही म्हणालात, म्हणून बसले आहे लिहायला. आज पहिला श्रावणी सोमवार. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी केली आणि वाटीभर खाली घरमालकांना नेऊन दिली. दाण्याचं कूट बघून हा पीनट बटरचाच काहीतरी प्रकार असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि वाटी परत भरून मागितली.

घरमालक म्हणजे पंच्याहत्तरीचे, निवृत्त बसड्रायव्हर. तुमची आणि त्यांची गाठ पडली असती तर भाषेची अडचण आली नसती. बेसबॉलची मॅच लागली की मांडीवर वही, कानाशी रेडिओ आणि प्रत्येक बॉलची नोंद. तुम्ही पालघरच्या मैदानावर स्कोअर लिहायला बसायचात आणि मधेच कोणी चहा विचारला तर ओव्हर संपेपर्यंत मान वर करायचा नाहीत, अगदी तसंच.

गुरुवारी सकाळी सहाला मी मँचेस्टरची टेस्ट लावली होती. ते वर्तमानपत्र द्यायला वर आले आणि बसलेच. शार्दूल ठाकूर बॅटिंगला होता. आपल्या गावाकडचा मुलगा, हा किटची बॅग खांद्यावर घेऊन पालघरहून लोकलने मुंबईला प्रॅक्टिसला जायचा, हे मी कौतुकाने सांगितलं. तो 41 वर आउट होऊन परत निघाला तेव्हा त्यांनी पाठीवरचा आकडा बघून विचारलं, “हा 54 का?” झालं. मला 2017 सालची सगळी गोष्ट सांगावी लागली.

तुम्हाला आठवत असेलच. कोलंबोत वन-डे पदार्पणाला शार्दूल 10 नंबर घालून उतरला आणि इकडे लोक खवळले. सचिनचा नंबर घातलाच कसा! त्याने अंकशास्त्राचं कारण दिलं, तरी ऐकतंय कोण. आपल्याकडे त्या रविवारी दादरचे काका आले होते आणि तुमचं त्यांच्याशी जेवणाच्या पानावर वाजलं होतं. काका म्हणाले, दहा म्हणजे सचिन, विषय संपला. तुम्ही म्हणालात, “दहा नंबर काय सातबाऱ्यावर चढवलाय का कोणाच्या नावाने?” पुढे शार्दूलने 54 घेतला. मुंबई इंडियन्सने सचिनचा नंबर 2013 मध्येच रीतसर बंद केला होता. बीसीसीआयने मात्र गाजावाजा न करता तो कोणाला द्यायचाच नाही, एवढंच केलं. घरमालकांना ‘सातबारा’ समजावायला मला दहा मिनिटं लागली. मग ते खूप हसले आणि म्हणाले, आमच्याकडेही असाच एक नंबर आहे, 21. फक्त आमचं भांडण तुमच्यापेक्षा जुनं आहे.

ते भांडण, म्हणजे 21 नंबरच्या रॉजर क्लेमेन्स या खेळाडूला मान द्यायचा की नाही याचं, काल रविवारी त्यांच्या ओट्यावर प्रत्यक्ष ऐकलं, कारण त्यांचा मेहुणा जेवायला आला होता.

इथे मोठ्या खेळाडूचा नंबर ‘रिटायर’ करतात, म्हणजे त्या संघात तो पुन्हा कोणाच्या पाठीवर येत नाही. न्यूयॉर्क यांकीजच्या लू गेरिगपासून, 1939 पासून, ही पद्धत पडली. आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचं मैदान फेनवे पार्क, 1912 सालचं. तिथे उजव्या बाजूच्या स्टँडच्या कपाळावर हे आकडे गोल पाट्यांवर लावले आहेत. पूर्वी ते ज्या क्रमाने रिटायर झाले त्याच क्रमाने टांगले होते: 9, 4, 1, 8. कोणाच्या तरी लक्षात आलं की हे अमेरिकन पद्धतीने वाचलं तर 4 सप्टेंबर 1918 होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी जी वर्ल्ड सीरिज (बेसबॉलच्या अजिंक्यपदाची लढत) सुरू झाली, ती जिंकल्यावर या संघाला 2004 पर्यंत पुन्हा एकही जिंकता आली नव्हती. नव्वदच्या दशकात पाट्या चढत्या क्रमाने लावल्या. अंकशास्त्र फक्त आपल्याकडेच चालतं असं काही नाही.

आज तिथे संघाचे स्वतःचे दहा नंबर आहेत. त्यातले नऊ बॅटर आणि पिचर एकच, 45 नंबरचा पेद्रो मार्टिनेझ. (बॉलरला कोण विचारतो, हे तुमचं वाक्य मी तिथे भाषांतर करून ऐकवलं. दोघांनी मान डोलावली. काल त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.)

पिचर म्हणजे आपला बॉलर, पण साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता आणि कोपर वाकवून. तुम्ही पंच असतात तर पहिल्याच बॉलला ‘फेकी’ म्हणून हात आडवा केला असतात. त्याचा हिशोब नऊ इनिंगमागे किती धावा दिल्या, असा मांडतात. घरमालक पेद्रोचे भक्त. त्यांचं म्हणणं, 2000 साली लीगमधल्या बाकी पिचरांची सरासरी पाचच्या आसपास होती आणि पेद्रोची होती 1.74. तो काळ धिप्पाड बॅटरांचा, बॉल मैदानाबाहेर जायचे. त्यात हा सहा फूटही न भरणारा डॉमिनिकन माणूस. असला किडकिडीत पोरगा टिकणार नाही असं समजून लॉस एंजेलिसने त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं होतं! 1999 च्या ऑल-स्टार मॅचला, याच फेनवेवर, त्याने समोर आलेल्या सहांपैकी पाच जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका मारू न देता एकट्याने आउट काढलं. त्यात सोसा आणि मॅग्वायर हे त्या काळचे नावाजलेले फटकेबाज लागोपाठ. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तर तो म्हणाला होता की पंधरा वर्षांपूर्वी मी बसभाड्याचे पन्नास सेंट नसलेला, आंब्याच्या झाडाखाली बसलेला मुलगा होतो. आप्पा, हे ऐकलं आणि मी तिथेच पेद्रोच्या बाजूची झाले. आंब्याखाली बसलेला माणूस आपलाच.

त्याचा 45 टांगला त्याला आज बरोबर दहा वर्षं झाली. घरमालक त्या संध्याकाळी फेनवेवर होते. तिकीट अजून पाकिटात आहे, त्यावरची अक्षरं पुसली आहेत.

मेहुणा भक्त रॉजर क्लेमेन्सचा. त्याचा मुद्दा सरळ आहे. पेद्रो इथे सात वर्षं खेळला, क्लेमेन्स तेरा. बॉस्टनसाठी 192 विजय, म्हणजे क्लबचा विक्रम, जुन्या काळच्या साय यंगच्या बरोबरीने. 29 एप्रिल 1986 ला त्याने एका मॅचमध्ये 20 स्ट्राइकआउट घेतले, तोपर्यंत नऊ इनिंगच्या सामन्यात कोणालाच जमलं नव्हतं. एका मॅचमध्ये 27 जण आउट करायचे, त्यातले 20 एकट्याने, आणि चुकीचे बॉल टाकून एकालाही फुकट पुढे जाऊ दिलं नाही. दहा वर्षांनी डेट्रॉइटला पुन्हा 20! मेहुणा सांगतो, त्या पहिल्या रात्री मी मैदानात होतो. घरमालक म्हणाले, त्या रात्री साडेतेरा हजारसुद्धा लोक नव्हते आणि आजवर मला तिथे हजर असलेली लाखभर माणसं भेटली आहेत.

मग क्लेमेन्सचा 21 भिंतीवर का नाही? एक तर तो 1996 नंतर टोरंटोला गेला आणि तिथून यांकीजकडे. यांकीज म्हणजे काय, हे तुम्हाला समजावायला मला उपमा सापडत नाही. भावकीतला वाद समजा. त्याहून मोठं कारण म्हणजे 2007 च्या मिचेल अहवालात उत्तेजकं घेतल्याच्या आरोपात त्याचं नाव आलं. त्याने ते कायम नाकारलं आणि खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यातून 2012 मध्ये तो निर्दोष सुटला. पण हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनासाठी, पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात. दहा वर्षं नाव मतपत्रिकेवर राहून शेवटच्या वेळी, 2022 मध्ये, तो 65.2 वर थांबला. क्लबचा नियम आधी हॉल ऑफ फेम, मग भिंत. नियमाला अपवाद केलेला आहे (जॉनी पेस्की हॉलमध्ये नसूनही त्याचा 6 वर आहे), पण तो सगळ्या गावाचा लाडका होता. क्लेमेन्स कधी तसा लाडका नव्हता.

गंमत पुढे आहे. 1996 पासून क्लबने 21 दुसऱ्या कोणाला दिलेलाही नाही. भिंतीवर नाही आणि कोणाच्या पाठीवरही नाही. घरातल्या गेलेल्या माणसाची खुंटी असते ना, तिच्यावर त्याचा सदरा ठेवायचाही नाही आणि दुसऱ्याची पिशवीही अडकवायची नाही, तसं.

मी मध्येच विचारलं, मग साय यंगचं काय? त्याचेही 192 च आहेत. दोघेही माझ्याकडे बघत राहिले. त्याच्या काळात पाठीवर नंबरच नव्हते, टांगणार काय? क्लबचं जुनं मैदान होतं तिथे आता नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. मी कामाला जाताना तिथून जाते. 1903 च्या पहिल्या वर्ल्ड सीरिजचे काही सामने तिथे खेळले गेले. झाडांमध्ये साय यंगचा पुतळा आहे, वाकून, बॉल हातात घेऊन, समोरून खूण यायची वाट बघत. मुलं त्याच्या बाजूला बसून डबे खातात. कारकिर्दीत 511 विजय, आजवर कोणी जवळपास गेलेलं नाही, आणि दरवर्षीच्या उत्तम पिचरला त्याच्याच नावाचा पुरस्कार. आकड्यावाचून त्याचं काही अडलं नाही.

माझा स्वतःचा लाडका मात्र वेगळाच आहे, टिम वेकफिल्ड, नंबर 49. हा नकल बॉल टाकायचा, तोच जो 2011 च्या वर्ल्ड कपात आपल्या श्रीरामपूरच्या झहीरने काढला होता. झहीर तो अधूनमधून टाकायचा, वेकफिल्डचं सगळं पोटच त्यावर. बॉल फिरतच नाही, हवेत झुलत येतो, कुठे जाणार ते त्यालाही माहीत नसायचं. सतरा वर्षं रेड सॉक्समध्ये, 186 विजय. विक्रमाला सहा कमी. 2023 च्या ऑक्टोबरात सत्तावन्नाव्या वर्षी गेला. त्याचं नाव काढल्यावर ओट्यावरचं भांडण थांबलं आणि मेहुण्याने बीअर खाली ठेवली.

भिंतीवर एक निळा आकडाही आहे, 42. तो रेड सॉक्सचा नाही, जॅकी रॉबिन्सनचा, मोठ्या लीगची दारं काळ्या खेळाडूंना उघडणाऱ्याचा. 1997 मध्ये तो सगळ्या संघांसाठी बंद केला. घरमालकांनी मला जूनमध्ये मैदानात नेऊन मुद्दाम दाखवला. 1945 च्या एप्रिलमध्ये रॉबिन्सन याच मैदानावर चाचणी द्यायला आला होता आणि क्लबने त्याला घेतलं नाही. पहिला काळा खेळाडू इथे आला 1959 मध्ये, सगळ्या संघांच्या शेवटी. घरमालक त्यावर फार बोलले नाहीत. “बाकीचे आकडे आम्ही लावले, हा आम्हाला लावावा लागला,” एवढंच.

तुम्ही विचाराल, तुझं मत काय? पिचर म्हणून पेद्रो. पण 21 चं जे चाललंय ते मला पटत नाही. द्यायचा मान तर उघड द्या, भाषणं होऊ देत, निम्मं मैदान ओरडू दे. नाहीतर उद्या येणाऱ्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराला तो घालू द्या. मी हे म्हटल्यावर मेहुणा म्हणाला, तुझे वडील बरोबर होते. घरमालक म्हणाले, तिचे काका बरोबर होते. दोघांनाही तुमचं म्हणणं हवं आहे, तेव्हा पुढच्या पत्रात निकाल लिहून पाठवा. मी भाषांतर करीन, पण सौम्य करणार नाही.

आईला सांगा, कोकम संपलं आहे आणि गणपतीला येणं यंदा जमत नाहीये. रजेचं विचारून झालं. मोदक व्हिडिओ कॉलवर शिकव म्हणावं, मागच्या वेळच्या पाऱ्या फाटल्या. तुमची गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्या.

तुमची,
धाकटी

ता. क. ओव्हरचे बॉल मोजायला तुम्ही खिशात सहा खडे ठेवायचात, हे मी घरमालकांना सांगितलं. त्यांच्याकडे पिचरचे बॉल मोजायचं एक बटणाचं यंत्र आहे, अंगठ्याने दाबायचं. त्यातलं जुनं त्यांनी तुमच्यासाठी दिलंय, पाकिटात घालते आहे. बदल्यात त्यांना खडे हवे आहेत. पालघरच्याच मैदानावरचे, आणि सहाच.