वगळलेली नावे वस्तीत मोठ्याने वाचा

संपादक महोदय,

लोकशाहीत सगळे सारखे, हे नागपुरात भाषणांतून भरपूर ऐकायला मिळते. ते कितपत खरे आहे, हे मतदारयादी उघडली की कळते. संविधानाच्या कलम ३२५ नुसार केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कुणाला यादीबाहेर ठेवता येत नाही आणि मतदारसंघागणिक सर्वांची मिळून एकच यादी असते. तरीही नावे गळतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगितली होती. त्यात कुणाचा द्वेष नव्हता. यादीच्या रकान्यात त्या बसल्या नाहीत, इतकेच.

आजचा रकाना संगणकाचा आहे. ऑनलाइन अर्जात नाव इंग्रजीत टाकले की शेजारी मराठी आपोआप उमटते. रोमन लिपीत ट-त, ड-द, ण-न हा भेद नाही. मग ढोके ‘धोके’ होतात, मडावी ‘मादवी’ होतात आणि उईक्यांचे काय होईल ते सांगता येत नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेल्या शहरात गोंड आडनावच यादीत धड उतरू नये, हे जरा अतीच झाले. ‘शेख’ इंग्रजीत दोन अक्षरांत आटोपला की मराठीत ‘एसके’ उरतो. मराठी चौकट पडद्यावरच दुरुस्त करता येते, पण तिकडे बघतो कोण?

एवढ्याने मत बुडत नाही. ओळख पटत असेल तर मतदार ओळखपत्राच्या कार्डावरच्या किरकोळ चुकीकडे मतदान केंद्रावर दुर्लक्ष करावे, असेच निवडणूक आयोगाचे सांगणे आहे. घोळ त्यानंतर होतो. नावाने शोधले की सापडत नाही. माणूस समजतो आपण यादीतच नाही, आणि नमुना ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, भरतो. आता त्याच्या दोन नोंदी झाल्या. पुढच्या छाननीत ‘दुबार’ म्हणून एक कापली जाते आणि कधीकधी नेमकी चालू पत्त्याची जाते. म्हणून शोध नावाने न घेता कार्डावरच्या दहा अंकाक्षरी क्रमांकाने घ्यावा. नाव आधीपासून असेल तर नमुना ६ ला हात लावू नये. नावातली चूक, बदललेला पत्ता, हरवलेले कार्ड, सगळ्याला नमुना ८ पुरतो. ज्यांच्यात आडनाव लावायची रीत नाही, बापलेकांची नावे गल्लीत चार घरी तीच असतात, तिथे संगणकाला खरी माणसेही दुबार वाटतात. अशा नोंदी घरी जाऊन पडताळल्याशिवाय कापायच्या नसतात.

पत्त्याची गोष्ट वेगळी. झोपडपट्टीत आणि अनधिकृत लेआउटमध्ये घर क्रमांकाच्या जागी शून्य असते. महापालिकेसाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. नागपूरला ३८ प्रभाग, १५१ जागा. शून्य क्रमांकाची अख्खी गल्ली रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेली तर बहुतेक प्रभागांत प्रत्येकाची चार-चार मते भलत्याच उमेदवारांसाठी पडतात. फुटपाथवर राहणाऱ्यांना तर पत्त्याच्या कागदाची अटच नाही. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रासाठी नेमलेल्या यादी-कर्मचाऱ्याने, एकाहून अधिक वेळा रात्री जाऊन तो माणूस तिथेच झोपतो याची खात्री करायची असते. हा नियम किती बीएलओंना सांगितला जातो, ते प्रशासनालाच ठाऊक.

नमुना ७, म्हणजे यादीतल्या नावावर हरकत घेऊन ते वगळायला सांगणारा अर्ज, याबद्दल मात्र सावध राहायला हवे. दुसऱ्याच्या नावावर हरकत त्या मतदारसंघातला मतदारच घेऊ शकतो. गठ्ठ्याने आलेले अर्ज घ्यायचे नसतात. खोटे लिहून दिल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्यावर हरकत आहे त्याला नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी मिळालीच पाहिजे. मुंबई-दिल्लीतल्या मतदारांना सरसकट नागरिकत्व सिद्ध करायला लावले होते, तेव्हा लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावले की, ज्याचे नाव यादीत आधीपासून आहे त्याचा हक्क गृहीत धरूनच चौकशी करावी. निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आणि त्यांच्या आदेशापासून ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील. आदेशाची प्रत हातात नसेल तर अपील अडते, म्हणून ती आधी मागून घ्यावी.

आमची मागणी साधी आहे. गावात यादीचे चावडी वाचन होते, तसे शहरात प्रत्येक मतदान केंद्राच्या हद्दीत व्हावे. एका भागात हजार-बाराशे नावे; सगळी वाचायला तीन तास लागतील आणि अर्धे लोक उठून जातील. म्हणून फक्त नवी आणि वगळलेली नावे वाचावीत, वगळण्याचे कारण मृत, स्थलांतरित की दुबार तेही सांगावे, आणि उरलेली यादी भिंतीवर लावावी. वेळ रविवारी सकाळची. कामाच्या दिवशी दुपारी रोजंदारीवाला येत नाही. मोमिनपुऱ्यात उर्दू, जरीपटक्यात सिंधी नावे नीट उच्चारणारा वस्तीतलाच कुणी वाचायला बसवावा. नाव चुकीचे उच्चारले तर समोर बसलेल्यालाही ते आपले वाटत नाही. बीएलओने नमुना ६ आणि ८ चे कोरे अर्ज सोबत आणावेत आणि भरलेल्या अर्जाची पोच जागेवर द्यावी.

हे सारे विधानसभेची प्रारूप यादी लागते तेव्हाच करायला हवे. महापालिकेची प्रारूप प्रभागयादी आल्यावर हरकतींना मोजकेच दिवस मिळतात. त्यात लेखनिकाच्या चुका, चुकलेला प्रभाग किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागात सुटलेले नाव एवढेच दुरुस्त होते. मूळ यादीत नसलेले नाव तिथे घालता येत नाही.

— एक मतदार, गिट्टीखदान, नागपूर