डिशवॉशरचा ड्रेन पाईप चुकीचा बसवला आणि वॉरंटी नाकारली, त्याबद्दल तक्रार

इंदिरानगर, नाशिक
दि. १९ जानेवारी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ड्रेन पाईपची जोडणी दुरुस्त करून मिळणे व घेतलेले ५९० रुपये परत मिळणेबाबत

महोदय,

सव्वा वर्षापूर्वी दसऱ्याला आम्ही आपल्या कंपनीचा डिशवॉशर घेतला. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे अजून चालू आहे. घरात माणसे सहा, सासूबाईंचे मनगट दुखते आणि मी सकाळी साडेआठला कामावर निघते. भांड्यांचा सगळा भार या मशीनवर आहे.

डिसेंबरच्या अखेरीपासून मशीनच्या तळाशी दोन बोटे पाणी साचू लागले. दार उघडले की आंबूस वास यायचा, वाट्यांच्या कडा हाताला तेलकट लागायच्या. फिल्टर मी दर रविवारी काढून धुते, तो स्वच्छ होता. तक्रार नोंदवल्यावर सहाव्या दिवशी आपला तंत्रज्ञ आला. त्याने मशीन चालू करून आवाज ऐकला आणि काहीही न उघडता सांगितले, "मॅडम, पंप गेलाय." नव्या पंपाचे ४,८५० रुपये. वॉरंटीचे विचारले तर म्हणाला, पाईप चोक झाल्यामुळे पंप गेला, आणि पाईप साफ ठेवणे ग्राहकाचे काम. जॉबशीटवर तसेच लिहून, व्हिजिटचे ५०० आणि जीएसटीचे ९० असे ५९० रुपये घेऊन तो गेला. पाईप चोक आहे हे त्याला कळले होते, तर तो काढून का पाहिला नाही?

तो आम्ही काढला. रविवारी यजमानांनी प्लग काढला, पाण्याचा नळ बंद केला, सिंकखाली परात ठेवली आणि पकडीने क्लिप सैल केली. काळपट पाण्याने अर्धी परात भरली. पाईपचे दुसरे टोक मशीनच्या मागे, त्यासाठी मशीन ओढून बाहेर घ्यावे लागले. पाईप आतून चुण्याचुण्यांचा असतो. प्रत्येक चुणीत राखाडी, मेणासारखा थर बसलेला होता, आणि त्यात मोहरी, कढीपत्त्याचे देठ, डब्यावरच्या लेबलचा लगदा. एका जागी तर करंगळीही जाईना. बाथरूममध्ये नेऊन त्यात कढत साबणपाणी भरून अर्धा तास ठेवले. मग बाटली धुण्याचा ब्रश नायलॉनच्या दोरीला बांधून या टोकाकडून त्या टोकाकडे चार वेळा ओढला आणि जेटने धुतला. पाणी स्वच्छ यायला पाऊण तास लागला. पाईप परत जोडून मशीन लावले, तर पाणी एका दमात बाहेर गेले. तळ कोरडा. "गेलेला" पंप त्या दिवसापासून रोज दोन वेळा चालतो आहे.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. पाईप काढताना लक्षात आले की आपल्या माणसाने तो बसवताना मशीनच्या मागून थेट जमिनीवर सोडला होता, मधे झोळ पडलेला, आणि तसाच सिंकच्या वेस्ट पाईपमध्ये खुपसला होता. आपल्याच माहितीपुस्तिकेतल्या आकृतीत पाईप ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन, कमान करून बांधलेला दाखवला आहे. ती कमान नसेल तर सिंकमधले खरकटे पाणी उलटे पाईपमध्ये शिरते आणि झोळात साचून राहते. मशीनमधून निघताना पाणी गरम असते, म्हणून तूप-तेल पातळ असते. थंड पाईपमध्ये ते थिजते. नाशिकच्या जानेवारीत डब्यातले तूपसुद्धा दगड होते, तिथे जमिनीवर पडलेल्या पाईपचे काय होणार? सव्वा वर्ष रोज हा थर चढत गेला. याला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणणे मला मान्य नाही. बसवणारा माणूस आपला होता आणि जोडणीच्या कागदावर सहीही त्याचीच आहे.

पाईप अधूनमधून साफ करावा लागतो, हे मला मान्य आहे आणि मी तो करीन. पण मशीन बसवताना हे कोणी सांगितले नाही, आणि पुस्तिका फक्त इंग्रजी-हिंदीत आहे. दिवसभर मशीन लावणाऱ्या माझ्या सासूबाईंना ती वाचता येत नाही.

तेव्हा पंधरा दिवसांच्या आत ५९० रुपये परत मिळावेत. जॉबशीटवरचा "पंप निकामी" आणि "ग्राहकाची चूक" हा शेरा लेखी रद्द व्हावा, नाहीतर उद्या खरेच काही बिघडले तर तोच कागद माझ्यापुढे धरला जाईल. पाईप पुस्तिकेप्रमाणे कमान करून विनामूल्य बांधून मिळावा. सध्या आम्ही तो सुतळीने खिळ्याला बांधून ठेवला आहे. आणि मराठीत एक पानभर का होईना, पाईप कसा काढायचा आणि धुवायचा ते छापून ग्राहकांना द्यावे.

उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि तरीही दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत बिल, जॉबशीट, जोडणीचा कागद यांच्या प्रती आणि पाईपचे धुण्याआधीचे व नंतरचे फोटो जोडले आहेत.

घरी संध्याकाळी सहानंतर कोणीतरी असतेच. तंत्रज्ञ पाठवताना आधी फोन करावा.

आपली,
एक ग्राहक